व्हॅक ड्रेसिंग पहिल्यांदा लावताय? आधी जखम बघा, बटण नंतर

वॉर्डात नवीन आलेल्याच्या हातात व्हॅकचं मशीन दिलं की पहिला प्रश्न ठरलेला, सिस्टर बटण कुठलं दाबायचं? बटण अगदी शेवटी येतं हो. त्याच्या आधी अर्धा पाऊण तास जे करायचं असतं त्यात सगळं आहे आणि तेच कुणी नीट बसून सांगत नाही, राउंडच्या गडबडीत एकदा बघायचं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः लावायचं अशीच शिकवणी असते. मी पण तशीच शिकले, चुका करत करत, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकते. नवीन सिस्टर, ब्रदर, इंटर्न यांच्यासाठी आहे हे, आणि ज्यांचा पेशंट मशीन घेऊन घरी आलाय त्यांच्यासाठी पण. घरच्यांनी ड्रेसिंग स्वतः उघडायचं नाहीये, पण मशीन ओरडायला लागलं किंवा नळीत लाल दिसलं तर काय करायचं हे त्यांना आमच्याइतकंच माहीत पाहिजे.

हे करतं काय

नाव लांबलचक आहे, निगेटिव्ह प्रेशर वूंड थेरपी, बोलताना सगळे व्हॅकच म्हणतात. जखमेत फोम बसवायचा, त्यावर हवाबंद चिकट ड्रेप, ड्रेपला भोक पाडून नळी, नळी कॅनिस्टरला म्हणजे ओढलेलं पाणी साठवणाऱ्या डब्याला आणि कॅनिस्टर मशीनला. मशीन हवा ओढून घेतं आणि ड्रेपच्या खालचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याने कमी, म्हणून आपण वजा १२५ म्हणतो. बाहेर हवेचा दाब ७६० धरला तर आत ६३५ च्या आसपास राहतो, म्हणजे फार मोठी पोकळी वगैरे काही तयार होत नाही, नवीन लोक उगाच घाबरतात.

एवढ्यानं काय होतं, तर फोम आवळला की जखमेच्या कडा आत खेचल्या जातात, हे डोळ्यांना दिसतं. जे दिसत नाही ते असं की काळ्या फोमची छिद्रं ४०० ते ६०० मायक्रॉनची असतात आणि प्रत्येक छिद्रात खालचं मांस किंचित वर ओढलं जातं, पेशी ताणल्या जातात, आणि ताण बसला की त्या वाढायला लागतात, नवीन रक्तवाहिन्या फुटतात. शिवाय साचलेलं पाणी निघून जातं, सूज उतरते, सुजेनं दबलेल्या बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. जखम झाकलेली असल्यामुळे ओलसर राहते आणि बाहेरची घाण पण आत जात नाही.

१२५ च का हे मला बरेच जण विचारतात. जर्मनीत फ्लाइशमान यांनी उघड्या फ्रॅक्चरच्या जखमांवर फोम आणि सक्शन वापरल्याचं १९९३ मध्ये छापून आलं होतं, पण हा आकडा आला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधून, वेक फॉरेस्ट विद्यापीठात मॉरिक्वास आणि अर्जेंटा यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगांतून. १९९७ साली ते प्रसिद्ध झाले. १२५ ला रक्तप्रवाह जवळजवळ चौपट झाला आणि ४०० च्या पुढे गेल्यावर उलटा कमी झाला. म्हणजे दाब वाढवला की जखम लवकर भरेल असं काही नसतं, पेशंटचे नातेवाईक सांगतात म्हणून तर अजिबात वाढवू नका.

आता इन्फेक्शनचं बोलू, कारण गोंधळ सगळा तिथेच आहे. हे मशीन जंतू मारत नाही. डुकरांच्या त्या प्रयोगात चार पाच दिवसांत जंतूंची संख्या घटली होती हे खरं, पण पुढे माणसांवर बघितलं तेव्हा चित्र इतकं साफ राहिलं नाही. २००४ च्या एका डच अभ्यासात एकूण जंतू जवळपास तेवढेच राहिले, ग्रॅम निगेटिव्ह गटातले काही जंतू कमी झाले आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू तर वाढला, आणि तरीही साध्या ओल्या गॉजच्या तुलनेत जखमेचा आकार लवकर कमी होत गेला. म्हणजे फायदा होतो, पण जंतू मेल्यामुळे होतो असं म्हणता येत नाही. इन्फेक्शन उतरतं ते पू मोकळा केल्यामुळे, मेलेलं मांस काढल्यामुळे आणि बरोबर अँटिबायोटिकमुळे. मशीनचं काम त्याच्यानंतरचं. सडलेल्या जखमेवर फोम ठेवून चकचकीत ड्रेप लावलं तर वरून सगळं छान दिसतं आणि आत पू शिजत राहतो, आणि मशीन लावलंय म्हणून सगळे निर्धास्त, हे मी एकदा नाही अनेकदा बघितलंय.

आधी ठरवा, लावायचं का

लावायचा निर्णय डॉक्टरांचा हे कबूल, पण लावणारे हात आपले आहेत, त्यामुळे शंका आली तर विचारायचं, लाजायचं नाही. जखमेवर काळी कडक खपली किंवा मेलेलं मांस असेल तर ते काढल्याशिवाय नाही. हाडात इन्फेक्शन आहे आणि त्यावर उपचारच सुरू नाहीत, तर नाही. जखमेत कॅन्सर असेल तर नाही, कारण पेशी वाढवणारं ड्रेसिंग कॅन्सरवर ठेवण्यात अर्थ नाही. आत जाणारी वाट आहे पण ती कुठे जाते हे कुणी तपासलेलं नाही, अशा फिस्टुलावर नाही. आणि रक्तवाहिनी, नर्व्ह म्हणजे मज्जातंतू, आतला अवयव किंवा आतड्याची शिवण उघडी दिसत असेल तर त्यावर थेट फोम कधीच ठेवायचा नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ मध्ये या उपकरणांबद्दल इशारा काढला तेव्हा दोन वर्षांत ६ मृत्यू आणि ७७ इजा कळवल्या गेल्या होत्या, २०११ मध्ये त्यात आणखी ६ मृत्यू आणि ९७ इजांची भर पडली. सगळ्यात गंभीर प्रकार होता रक्तस्राव, आणि मृत्यूंपैकी बरेचसे हॉस्पिटलमध्ये नाही, तर घरी किंवा दीर्घकाळ सांभाळणाऱ्या केंद्रांत झाले होते. त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, पायाचं किंवा जांघेचं बायपास झालंय का, जखमेवर आधी रेडिएशन झालंय का, हाडाचं टोक किंवा तारेचं टोक आत टोचतंय का, हे लावायच्या आधी विचारायचं. इन्फेक्शननं रक्तवाहिनीची भिंत ठिसूळ होते हे लक्षात ठेवा, वरून ठीक दिसणारी वाहिनी ओढीनं फुटू शकते. पायाची जखम असेल तर पायाला रक्त पोचतंय का तेही बघा, नाडी हाताला लागत नसेल तर डॉप्लर म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी होईपर्यंत थांबा, रक्तच येत नसेल तर फोम काय करणार.

सफाई

हे सर्जनचं काम, पण त्याच्या आधी आणि नंतर बघायचं आपल्याला. स्लफ म्हणजे मेलेल्या मांसाचा पिवळा चिकट थर, राखाडी मांस, काळं पडलेलं, सगळं निघालं पाहिजे, लालबुंद ओलसर तळ दिसेपर्यंत. एकाच बैठकीत होईलच असं नाही, शुगरच्या पेशंटच्या पायाच्या जखमेला दोनदा तीनदा ओटीत न्यावं लागतं. कल्चर, म्हणजे जंतू कुठला ते शोधायची तपासणी, पाठवायचं असेल तर वरच्या पुवात कापूस बुडवून पाठवू नका, त्यात कातडीवरचे सगळे पाहुणे पण येतात, जखम धुऊन झाल्यावर खालच्या चांगल्या मांसाचा तुकडा मागा. प्रोब म्हणजे बारीक बोथट सळई आत घातल्यावर टोक टणक हाडावर टकटक लागलं तर तसं लिहा आणि सांगा, हाडापर्यंत इन्फेक्शन गेल्याची शंका तिथूनच येते.

सफाईनंतर रक्त झिरपत असेल तर घाई नको. गॉजनं दाबून धरा, थांबत नसेल तर सर्जनला विचारून त्या दिवशी साधं ड्रेसिंग ठेवा आणि व्हॅक दुसऱ्या दिवशी लावा. एक दिवस उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

मापं आणि कातडी

दुखण्याचं औषध ड्रेसिंगच्या साधारण अर्धा तास आधी, सामान मांडताना नाही. मग लांबी, रुंदी, खोली मोजून लिहा. कडेच्या खाली पोकळी गेली असेल तर घड्याळाच्या काट्यासारखी दिशा लिहायची, डोक्याकडे १२ धरून, दोन वाजता तीन सेंटिमीटर असं. हे कंटाळवाणं वाटतं पण पुढच्या आठवड्यात जखम भरतेय का या प्रश्नाला उत्तर फक्त हेच कागद देतात, बरी वाटतेय हो याला काही अर्थ नाही.

आता कातडी, आणि इथे मी बोअर करणार आहे. सील न बसण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा मशीन नसतं, कातडी असते. आजूबाजूचे केस क्लिपरनं काढा, रेझरनं नाही, बारीक काप पडून तिथेच नवीन इन्फेक्शन बसतं. सलाईननं पुसा, तेल, क्रीम, पावडर, आधीच्या चिकटपट्टीचा राप सगळं काढा आणि कोरडं करा, मग परत कोरडं करा, घाम येणाऱ्या पेशंटला तर फाइल घेऊन वारा घालायला पण उभं राहिलेय मी. मग बॅरिअर फिल्म म्हणजे कातडी वाचवणारा पातळ थर लावा आणि ती वाळू द्या. हे सगळं झाल्याशिवाय ड्रेपचा कागद सोलायचा नाही.

फोम

काळा फोम पॉलियुरेथेनचा, उघड्या छिद्रांचा, पाणी पटकन ओढून देतो, बहुतेक मोठ्या जखमांना हाच. पांढरा फोम पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा, घट्ट, ओला, मांस त्यात कमी घुसतं आणि काढताना सहज तुटत नाही, म्हणून पोखरलेल्या वाटांना आणि जिथे दुखतं तिथे तो. चांदी घातलेला फोम पण मिळतो, इन्फेक्शन आहे म्हणून लोक तो मागतात, पण चांदी आहे म्हणून सफाई टाळता येत नाही हे परत सांगते. काही ठिकाणी फोमऐवजी गॉज वापरतात, तेव्हा दाब साधारण ८० ठेवतात.

फोम जखमेच्या वर धरून कापू नका. बाजूला कापा, कापलेल्या कडा बोटांनी चोळून झटका, जे कण गळायचे ते ट्रेमध्ये गळू देत, जखमेत नकोत. आकार जखमेइतकाच, चांगल्या कातडीवर फोमची कड आली तर तिथली कातडी पांढरी पडून सोलते. आणि दाबून भरायचा नाही, नुसता बसवायचा, उशीच्या खोळीत कापूस कोंबतात तसं केलं की खालच्या मांसाचं रक्त अडतं आणि कोपऱ्यातलं पाणी पण निघत नाही. टोक न दिसणाऱ्या अरुंद वाटेत काळ्या फोमचा तुकडा सारायचा मोह होतो, तो टाळाच, परत बाहेर येईल याची खात्री नसते. पांढऱ्या फोमची एक लांब पट्टी घाला आणि तिचं शेपूट मोठ्या जखमेत दिसेल असं ठेवा.

आणि मोजा. किती तुकडे घातले ते मोजून ड्रेपवर मार्करनं लिहा, तारीख वेळ लिहा, फाइलमध्ये पण लिहा. मी नवीन असताना एका ओटीपोटाच्या जखमेत चार तुकडे घातले आणि लिहिलं फक्त फाइलमध्ये, ती फाइल गेली दुसऱ्या मजल्यावर, ड्रेसिंग बदललं दुसऱ्या सिस्टरनं, तिला तीन सापडले आणि तिला वाटलं तीनच होते. पाच दिवसांनी वास आणि ताप. तुकडा कडेच्या खाली होता, वरती मांस यायला लागलं होतं. पेशंट बरा झाला, मला मात्र त्यानंतर ड्रेपवर आकडा लिहिल्याशिवाय झोप येत नाही. जमेल तिथे एकच अखंड तुकडा वापरा, मोजायची कटकटच नको.

ड्रेप आणि नळी

ड्रेप एका मोठ्या पत्र्यासारखं न लावता पट्ट्या कापून लावलं तर सुरकुत्या कमी पडतात. कडेच्या पुढे तीन ते पाच सेंटिमीटर चांगल्या कातडीवर गेलं पाहिजे, आणि ताणून लावायचं नाही, ताणलं की कडेला फोड येतात. जांघ, बूड, पायाची बोटं, गुदद्वाराजवळची जखम, हे नेहमी छळणारे भाग. तिथे घडीच्या जागी हायड्रोकोलॉइडची जाडसर चिकट पट्टी किंवा स्टोमासाठी (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडासाठी) वापरतात ती पेस्ट भरून आधी सपाटी करून घ्या, मग ड्रेप.

मधोमध चिमटीत ड्रेप उचलून साधारण अडीच सेंटिमीटरचं गोल भोक कापा. चीर पाडू नका, ओढ लागली की चिरेच्या कडा मिटून बसतात आणि मशीन ब्लॉकेज दाखवतं, नवीन लोकांची ही हमखास चूक. त्यावर नळीची चकती. चकती हाडावर किंवा पेशंट ज्या बाजूला झोपतो तिथे आली तर नवीन बेडसोअर तयार होतो, पाठीच्या आणि टाचेच्या जखमांत तर नक्की. मग पूल करायचा, म्हणजे कातडीवर आधी ड्रेपची पट्टी, तिच्यावर फोमची पट्टी जखमेपासून लांब पोटाकडे किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला नेऊन चकती तिथे बसवायची. नळी पेशंटच्या खालून जाऊ देऊ नका.

आता बटण

बहुतेक वेळा वजा १२५, सलग. खूप दुखत असेल, म्हातारं माणूस असेल, पातळ कातडी किंवा रक्तस्रावाची भीती असेल तर डॉक्टर ७५ ते १०० वर ठेवायला सांगतात. पांढऱ्या फोमला उलट कमीत कमी १२५ लागतं कारण तो घट्ट असतो. पाच मिनिटं चालू दोन मिनिटं बंद असा थांबून थांबून चालणारा प्रकार पण आहे, डुकरांच्या प्रयोगात त्यानं मांस जास्त वाढलं होतं, पण प्रत्यक्षात दर वेळी ओढ लागली की पेशंट कळवळतो आणि भरपूर पाणी सुटणाऱ्या जखमेत बंद झालेल्या दोन मिनिटांत ड्रेपखाली पाणी साचून सील सुटतं, त्यामुळे इन्फेक्शनच्या जखमेला सलगच बरं.

चालू केल्यावर एका मिनिटाच्या आत फोम आकसून सुरकुतला पाहिजे, हात लावला तर टणक लागला पाहिजे. फुगलेलाच राहिला तर लीक. कान जवळ नेऊन फुस्स असा आवाज कुठून येतोय ते ऐका, बोटांनी कडा दाबत फिरा, जिथे आवाज थांबतो तिथे पट्टी. पट्टीवर पट्टी असे पाच सहा थर झाले तर सरळ काढून परत लावा, रात्री दोन वाजता उघडण्यापेक्षा आत्ताच दहा मिनिटं गेलेली परवडतात. भिंतीवरच्या सक्शनला नळी जोडून पण काही ठिकाणी काम चालवतात, पण त्याला लीकचा अलार्म नसतो आणि नॉब चुकून फिरला की दाब कुठल्या कुठे जातो, त्यामुळे तसं करावंच लागलं तर मध्ये रेग्युलेटर पाहिजे आणि दर तासाला कुणीतरी बघणारं पाहिजे.

चालू असताना

पहिल्या काही तासांत जास्त बघायचं. नळीत पाणी सरकतंय का, रंग काय, कॅनिस्टर किती भरला. सुरुवातीला लालसर पाणी येतं ते चालतं. पण लालभडक ताजं रक्त नळीत धावताना दिसलं किंवा कॅनिस्टर रक्तानं भरायला लागला तर मशीन लगेच बंद, ड्रेसिंग काढायचं नाही, वरून हातानं दाबून धरायचं आणि मदत बोलवायची. घरी असाल तर अँब्युलन्स, मशीनच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करत बसू नका. ड्रेसिंग उचकटून बघायची घाई अगदी डॉक्टरांना पण होते, पण त्यानं जे थोडंफार दाबलं गेलेलं असतं ते पण सुटतं.

अलार्म म्हणजे बहुतेक चारच प्रकार, लीक, ब्लॉकेज, कॅनिस्टर भरला, बॅटरी संपत आली. ब्लॉकेजला आधी नळीचा क्लॅम्प बघा, बंदच राहिलेला असतो. मग नळी मुरगळली आहे का, पेशंट तिच्यावर झोपलाय का. मशीन जखमेच्या पातळीला किंवा खाली ठेवा, वर टांगू नका. अलार्म बंद करून झोपायचं नाही, आणि हे घरच्यांना दोनदा सांगा कारण रात्री आवाज सहन होत नाही म्हणून तेच करतात.

एक आकडा सगळ्यांनी पाठ करा. २४ तासांत मिळून दोन तासांपेक्षा जास्त मशीन बंद राहता कामा नये. आंघोळ, तपासणी, चालणं सगळं त्यात धरून. त्यापेक्षा जास्त वेळ बंद राहिलं तर फोम आत ठेवायचाच नाही, काढून, जखम धुऊन सलाईनचं ओलं गॉज ठेवायचं. बंद पडलेला ओला गरम फोम म्हणजे जंतूंना अंथरूण घालून दिल्यासारखं आहे, आणि जखमेत आधीच इन्फेक्शन असेल तर हे फारच महाग पडतं. लाइट गेली आणि बॅटरी संपली, कॅनिस्टर नाही म्हणून सकाळची वाट बघितली, असंच होतं हे. एमआरआयला जायचं असेल तर मशीन बाहेर काढून ठेवा आणि परत जोडायची वेळ लिहून ठेवा.

ताप, जखमेभोवती लाली पसरणं, गरम लागणं, दुखणं अचानक वाढणं, पाणी घट्ट पिवळं हिरवं होणं, पेशंट बरळायला लागणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या बदलाची तारीख बघू नका, उघडा आणि सर्जनला दाखवा. वासाचं जरा वेगळं आहे, फोम काढताना थोडा वास नेहमीच येतो, जखम धुतल्यावर पण वास राहिला तर तो इन्फेक्शनचा धरायचा.

बदलणं

स्वच्छ जखमेत ४८ ते ७२ तासांनी, आठवड्यातून तीनदा तरी. इन्फेक्शन असलेल्या जखमेत हे चालत नाही, सुरुवातीला रोज, कधी कधी १२ तासांनी पण उघडून बघावं लागतं आणि जखम सुधारली की अंतर वाढवायचं. जास्त दिवस ठेवला तर मांस फोमच्या छिद्रांत शिरतं आणि काढताना पेशंट ओरडतो, रक्त येतं, तुकडे आत राहतात.

काढताना मशीन बंद करा, नळीतलं पाणी कॅनिस्टरमध्ये जाऊ द्या, मग नळीतून किंवा ड्रेपखालून सलाईन सोडून पंधरा ते तीस मिनिटं थांबा. खरंच थांबा, दोन मिनिटांत ओढू नका. फार दुखणाऱ्या पेशंटला डॉक्टर लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडायला सांगतात. ड्रेप कातडीला समांतर ताणत सोडवायचं, वर उचकटायचं नाही. फोम हळूहळू, तुकडे मोजत, ड्रेपवरच्या आकड्याशी जुळवत. एक कमी आला तर सापडेपर्यंत नवीन लावायचं नाही. दर वेळी चिकटत असेल तर पुढच्या वेळी फोमखाली व्हॅसलिन गॉज किंवा सिलिकॉनची जाळी ठेवा. मग धुवा, बघा, मोजा. नवीन स्लफ दिसला तर परत सफाई, त्याच्यावर फोम झाकायचा नाही.

पाणी सोडणारं व्हॅक

चिवट इन्फेक्शनसाठी अजून एक प्रकार आहे, त्यात मशीन ठरलेल्या वेळेला जखमेत पाणी सोडतं, ते साधारण १० ते २० मिनिटं फोममध्ये मुरतं आणि मग दोन ते साडेतीन तास नेहमीसारखी ओढ. पाणी म्हणजे बहुतेक साधं सलाईनच, अँटिसेप्टिक घालावंच लागतं असं नाही. घट्ट पू आणि स्लफ सैल करायला याचा चांगला उपयोग होतो, मोठ्या भोकांचा खास फोम पण येतो त्यासाठी. नवीन माणसानं एक लक्षात ठेवायचं, पाणी किती सोडायचं ते फोम भिजेल इतकंच, जास्त झालं की ड्रेप सुटतं आणि गादी भिजते. आणि टोक न सापडलेल्या वाटेत किंवा पोटाच्या पोकळीत उघडणाऱ्या जखमेत हे पाणी कुठे जाईल सांगता येत नाही, तिथे नको.

बंद कधी करायचं

जखम पूर्ण बुजेपर्यंत मशीन ठेवायचं असा अनेकांचा समज आहे. तसं नाहीये. खोली भरत आली, तळ दाणेदार लाल झाला, पू नाही, आजूबाजूची लाली गेली, की पुढचं काम टाक्यांचं किंवा स्किन ग्राफ्टचं, म्हणजे दुसरीकडची कातडी लावण्याचं. आणि एक दोन आठवडे मापं हललीच नाहीत तर तेच ड्रेसिंग चालू ठेवण्यात अर्थ नाही, मागे जाऊन शोधा, हाड बिघडलंय का, शुगर वर आहे का, रक्त कमी पोचतंय का, अंगात प्रथिनं आहेत का, पेशंट सिगरेट ओढतोय का, जखमेवर भार देऊन चालतोय का. मशीन यातलं काहीच दुरुस्त करत नाही.

ग्राफ्ट झाला तर हेच मशीन कधी कधी परत त्याच्यावर येतं, ग्राफ्ट खाली चिकटून बसावा आणि मध्ये पाणी साचू नये म्हणून, ७५ ते १२५ वर, तीन ते पाच दिवस न उघडता. तेव्हा फोम आणि ग्राफ्टच्या मध्ये न चिकटणारी जाळी आहे की नाही हे लावतानाच स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या आणि काढायच्या दिवशी सलाईन भरपूर सोडून फोम एका कोपऱ्यातून अगदी सावकाश उचला, जाळीला बोटानं खाली दाबून धरून.